जिवाणूजन्य पानठिपका : मिरची व टोमॅटो

मिरची, ढोबळी मिरची व टोमॅटो या पिकांची पाने, देठ, खोड आणि फळे यांवर झॅन्थोमोनास प्रजातीतील जिवाणूंमुळे पडणारा रोग. उष्ण व दमट हवामानाच्या बहुतेक सर्व देशांत तो आढळतो. २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमान, सततची रिमझिम आणि तासन्‌तास ओली राहणारी पाने ही त्याला पोषक परिस्थिती होय. नांदेड जिल्ह्यातील भोकर तालुक्यात नेमके असेच हवामान जुलै ते सप्टेंबर या काळात असते. हा तालुका मुख्यतः कापूस, सोयाबीन व हळद पिकवणारा. मिरची-टोमॅटोचे क्षेत्र त्या मानाने थोडे. पण लाल मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले धर्माबाद याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे मिरची या भागातल्या शेतकऱ्याच्या रोख हिशेबात असते. खरिपाची रोपे मृगाच्या आगेमागे गादीवाफ्यावर टाकली जातात, आणि लागवड झालेले कोवळे पीक भर पावसात सापडते.

पहिले लक्षण पानाच्या खालच्या बाजूला शोधावे. तिथे टाचणीच्या डोक्याएवढे, पाणी मुरल्यासारखे हिरवट डाग दिसतात. दोन-चार दिवसांत ते तपकिरी-काळे होतात आणि पुष्कळदा त्यांभोवती पिवळी कडा येते. मिरचीत पान थोडेसे डागाळले तरी पिवळे पडून गळते; झाडाखाली पानांचा सडा पडतो आणि शेंड्याकडची चार पाने तेवढी उरतात. उघडी पडलेली फळे मग उन्हाने भाजून पांढरी होतात. टोमॅटोत पाने लवकर गळत नाहीत, ती झाडावरच करपून लोंबतात. हिरव्या फळांवर उठलेले, खरबरीत खपलीसारखे डाग येतात. असा माल प्रतवारीत मागे पडतो.

शेतात या रोगाला सरसकट करपा समजून बुरशीनाशक फवारले जाते. बुरशीच्या लवकर येणाऱ्या करप्यात ठिपक्यात एकात एक वलये दिसतात, या रोगात ती नसतात. खात्री करायची तर ताज्या ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कापलेल्या कडेतून जिवाणूंचा ढगाळ प्रवाह पाण्यात उतरताना दिसतो. कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना नेऊन निदान करून घेणे हे दोन अंदाजी फवारण्यांपेक्षा केव्हाही स्वस्त.

हा रोग १९२० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज यांनी आणि पाठोपाठ अमेरिकेतील संशोधकांनी वर्णिला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतरच्या काळात झॅन्थोमोनासच्या अनेक रोगकारक प्रकारांची भारतातून नोंद केली. देशातील या विषयाचा पाया त्या प्रयोगशाळेत घातला गेला. आधी एकच मानलेला हा जिवाणू म्हणजे चार वेगळ्या जाती असल्याचे २००४ मध्ये मांडले गेले. मिरचीवरच्या याच जिवाणूतील एक प्रथिन वनस्पतीच्या पेशीकेंद्रात शिरून तिची जनुके स्वतःच्या सोयीने चालू करते. ते डीएनएवरची नेमकी जागा कशी ओळखते, याचा उलगडा २००९ मध्ये झाला आणि त्यातून जनुक-संपादनाचे टॅलेन हे तंत्र जन्माला आले. प्रयोगशाळेला एवढे देणाऱ्या रोगावर शेतकऱ्याच्या हाती मात्र अजून हमखास औषध नाही.

जिवाणू बियाण्यातून येतो. रोपवाटिकेत एखादेच रोप रोगट असले, तरी झारीच्या किंवा तुषाराच्या पाण्याचे शिंतोडे तो वाफाभर पसरवतात. पानांवरील रंध्रांतून व जखमांतून तो आत शिरतो. वाऱ्यासकट आलेला पाऊस आणि ओल्या पिकात फिरणारी माणसे ही त्याची वाहने. मोकळ्या मातीत तो फार काळ तगत नाही, पण न कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि पडीच्या बियांतून आपोआप उगवलेल्या रोपांवर टिकून राहतो.

म्हणून या रोगाची खरी लढाई गादीवाफ्यावरच जिंकावी लागते. टोमॅटोचे बी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवून लगेच गार करून सुकवावे. तापमापक नसेल तर हा उपाय करू नये, उगवण जाते. तुषाराऐवजी ठिबक वापरावे, पाने ओली असताना तोडा व खुरपणी टाळावी, आणि त्याच रानात दोन-तीन वर्षे मिरची, टोमॅटो घेऊ नये. ज्वारी, सोयाबीन, तूर ही फेरपालटाची पिके इथे घरचीच आहेत. ताम्रयुक्त औषधे, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा एक टक्का बोर्डो मिश्रण, रोग दिसण्याआधी किंवा पहिल्या ठिपक्यालाच उपयोगी पडतात. पानगळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा लाभ नाही.

स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची पुडी कृषी सेवा केंद्रांतून वर्षानुवर्षे सर्रास विकली गेली. ही माणसांच्या उपचाराची प्रतिजैविके आहेत. फ्लोरिडात या जिवाणूने स्ट्रेप्टोमायसिनला १९६० च्या सुमारासच दाद देणे सोडले होते, पुढे तांब्यालाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील या दोन्ही प्रतिजैविकांचा वापर बंद करण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला. ही पुडी पंपात टाकू नये आणि दुकानदाराने सुचवली तरी घेऊ नये. ज्या शेतात ठिपका दिसला, त्या शेतातील मिरची पुढल्या हंगामाच्या बियाण्यासाठी कदापि राखू नये.