बंद पडलेल्या संघाचा लाल शर्ट

लहानपणी भिलाईत सेक्टरच्या मैदानावर आम्ही फुटबॉल खेळायचो, तेव्हा बनियनवाले एका बाजूला आणि उघडे दुसऱ्या बाजूला, एवढीच आमची जर्सी. परवा सिव्हिक सेंटरला एका मुलाच्या अंगात न्यूयॉर्क कॉसमॉसचा शर्ट दिसला. जुन्या धाटणीचा, पण नवाकोरा. पेलेला घेऊन हा संघ १९७७ साली ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ बरोबरीत खेळला होता. अमेरिकेतली त्यांची लीग १९८४च्या हंगामानंतर बंद पडली. त्या मुलाचे वडीलही तेव्हा शाळेत असतील!

मला मात्र आठवला महिंद्रा युनायटेड. मुंबईत १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला. लाल जर्सी, म्हणायचे 'जीपमन'. माझे काका मला सुट्टीत कूपरेजला न्यायचे. २००५-०६ला डेरिक परेरांच्या हाताखाली या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. आणि २०१०ला कंपनीने संघच बंद केला. पुढच्याच वर्षी फगवाड्याचा जेसीटी गेला, १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा. पुणे एफसीचं तर विचारूच नका. २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरा, आणि २०१५नंतर मैदानातच नाही.

भिलाईच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे शाळा, दवाखाना, मैदान, सगळं कारखान्याचंच. कंपनीचा संघ म्हणजेही कंपनीचं एक खातं. मालकाने ठरवलं की खातं बंद. मोहन बागान बंद करायला निघालात तर कोलकाता रस्त्यावर येईल. जीपमनसाठी कोण येणार होतं? माझ्या मते जुने शर्ट विकले जात नाहीत त्याचं खरं कारण हेच आहे. शिवाय नाव आणि चिन्ह दोन्ही कंपनीच्या मालकीची, कुणीही उठून छापावीत अशी नाहीत.

काका गेले त्या वर्षी मी सुपेला बाजारात लाल शर्ट शिवायला टाकला. सुती, कॉलरवाला. खरं तर २००५चा शर्ट घामट पॉलिएस्टरचा. कॉलर आणि सूत ही माझी हौस. पाठीवर १० आकडा शिवून घेतला. मास्तरांनी विचारलं, "भैया, सामने किस कंपनी का नाम डालूँ?"

म्हटलं, कोरंच राहू द्या.