तान्ह्या पोळ्याचा बैल आणि त्याचे रंग

आमच्या घरी एक लाकडी बैल आहे. उंची वीतभर, चार चाकांच्या फळीवर उभा, वशिंड किंचित उजवीकडे कललेले. गेल्या वर्षी त्याच्या मागच्या खुरावरील रंगाचा एक टवका उडाला आणि आतल्या रंगांच्या कडा एकाखाली एक दिसू लागल्या. सर्वांत वर पांढरा, त्याखाली तपकिरी, मग पुन्हा पांढरा, मग मळकट पिवळा, आणि अगदी लाकडाला बिलगलेला शेंदरी. भिंग घेऊन आम्ही पाच थर मोजले. ज्या शेजारच्या आजीबाईंनी हा बैल आम्हांस दिला, त्यांच्या सासऱ्यांच्या बालपणापासून तो त्यांच्या घरी होता. त्यापलीकडे त्याचा कागदोपत्री इतिहास काही नाही. जो आहे तो त्या टवक्यात आहे.

नागपूरबाहेरील वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. श्रावण अमावास्येला पोळा येतो. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. पोळ्याच्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून शिंगे रंगवितात, बेगड चिकटवितात, पाठीवर झूल घालतात आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावचे बैल रांगेने उभे करतात. तोरण तुटले की बैल घरोघरी पूजेसाठी फिरतात. एवढे महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी घडते. विदर्भात, आणि त्यातही नागपुरात, याला एक पुरवणी आहे. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा पोळा भरतो. त्याचे नाव तान्हा पोळा. मुले नटूनथटून लाकडी बैलांना दोरी बांधून ओढत आणतात. त्यांच्याही बैलांसाठी तोरण असते. आणि मग ती घरोघरी जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाची ओवाळणी. एके काळी ती पैशा-दोन पैशांची असे, आता नोटांची असते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा तर असा मोठा भरतो की तो पाहावयास दुरून लोक जातात.

या प्रथेचे श्रेय नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देतात. त्यांची कारकीर्द 1788 ते 1816 अशी. परंपरा सांगते की, शेतकऱ्यांच्या मुलांना बैलाची ओळख आणि माया लहानपणीच लागावी म्हणून राजांनी त्यांना लाकडी बैल दिले. खऱ्या बैलाजवळ लहान मूल सोडता येत नाही. लाकडाच्या बैलाजवळ सोडता येते. हेतू राजाचा असो वा सुताराचा, युक्ती शहाणपणाची आहे यात शंका नाही.

राजाचे राज्य मात्र टिकले नाही. 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केले. महालातील जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता व त्यातील लाकडी कोरीवकामाची मोठी ख्याती होती. 1864 मध्ये तो आगीत भस्मसात झाला. सागवानाचे ते नक्षीदार खांब आणि तुळया गेल्या. त्याच शहरातील गल्लीबोळांत सुतारांनी घडविलेली वीतभर, हातभर उंचीची जनावरे मात्र वर्षातून एक दिवस माळ्यावरून खाली उतरत राहिली.

त्याच प्रतिपदेला नागपुरात आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याशेजारी ठेवल्याखेरीज लाकडी बैलाचे मर्म नीट उमगत नाही. मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगतात. बांबू, कागद आणि कापड यांच्या या प्रचंड आकृती, आणि त्यांच्यासोबत त्या त्या वर्षीच्या लोकांच्या रागाचे विषय झालेले बडगे, इतवारी-महालातून फिरतात आणि शेवटी जाळले जातात. काळी मारबत बाकाबाई भोसल्यांच्या निषेधाची, असे लोकस्मृती सांगते. आणि या बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींच्याच पत्नी. पतीच्या नावाने मुलांचे बैल सजतात, पत्नीच्या नावाने रोगराई शहराबाहेर घालवितात. जनतेची स्मरणशक्ती नेहमीच न्यायी असते असे आमचे मत नाही. पण ती वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या रीतींनी जपते, हे खरे. मारबत दरवर्षी नवी करावयाची आणि जाळावयाची. बैल दरवर्षी तोच. तो फक्त पुन्हा रंगवावयाचा.

हे रंगविण्याचे काम चितार ओळीचे. महालाला लागून असलेल्या या गल्लीचे नावच तेथील व्यवसायावरून पडले. येथील चितारी गणपती, शारदा, दुर्गा यांच्या मूर्ती करतात हे सर्वांस ठाऊक आहे. पोळ्याच्या सुमारास तेथे गणपतींच्या घाईतच कोणी ना कोणी काखेत जुना बैल घेऊन उभा असतो. मूर्तिकाराची ती वर्षातील सर्वांत गर्दीची वेळ, तरी बैलाला तो सहसा नाही म्हणत नाही.

काम दिसते त्याहून अवघड आहे. प्रथम बैल ओल्या फडक्याने पुसावयाचा, सुटलेले पापुद्रे तेवढे हलक्या हाताने उचलावयाचे. लाकूड उलले असेल तर भेगांत लांबी भरावयाची. जुन्या रीतीत यासाठी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड वापरीत. सावंतवाडीच्या गंजिफांचेही अस्तर याच जातीचे. त्यावर पांढरा हात द्यावयाचा, तो वाळल्यावर अंगाचा रंग, मग खूर आणि शिंगे, मग झुलीचे काठ आणि गोंडे. डोळे शेवटी. गणपतीची असो वा बैलाची, डोळ्यांची आखणी हाताखालच्या पोराकडे कधी दिली जात नाही. आमच्या समोर एका वृद्ध चिताऱ्याने श्वास रोखून, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने दोन रेघा ओढल्या, आणि इतका वेळ लाकूड असलेली ती वस्तू आमच्याकडे पाहू लागली. असे वाटणे हा भाबडेपणा असेल. पण तो आम्ही सोडू इच्छीत नाही.

रंगांचाही इतिहास आहे. आमच्या बैलाचा सर्वांत आतला थर शेंदराचा असावा असे चिताऱ्याचे मत पडले. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. हिंगूळ, ज्याने खऱ्या बैलांची शिंगे रंगवीत, तो पाऱ्याचा. हरताळ हा पिवळा रंग सोमलाचा. गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी एवढेच काय ते निरुपद्रवी. पुढे डबाबंद ऑइलपेंट आले, स्वस्त झाले, चकाकी आली आणि चितार ओळीतील खलबत्ता कोपऱ्यात गेला. परंतु त्या डब्यांतही शिसे होतेच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला व नोव्हेंबर 2017 पासून तो अमलात आला. म्हणजे त्यापूर्वीचा कोणताही रंगीत बैल मुलाने तोंडात घालण्याजोगा नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो.

येथे आम्हांस धरमपेठेतील आमच्या नात्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण हा लेख लिहिण्यास निमित्त तोच झाला. हा मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकांपेक्षा बाहुल्या अधिक. बाहुल्या म्हटलेले त्यास आवडत नाही. त्या एका खेळाच्या सोंगट्या आहेत: राक्षस, बुटके, पंखांचे सर्प, चिलखती योद्धे, प्रत्येकाची उंची सुमारे 28 मिलिमीटर. जुन्या, कोणी तरी वाईट रंगविलेल्या सोंगट्या तो स्वस्तात मिळवितो, द्रावणात बुडवून त्यांचा सगळा रंग उतरवितो आणि नव्याने रंगवितो.

आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की हा नाद पोरकट म्हणून झटकण्यासारखा नाही; त्याला चांगली वंशावळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे हिल्पर्ट नावाच्या कारागिराने कथिलाचे चपटे सैनिक ओतून प्रसिद्धी मिळविली. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी टेबलावरचा युद्धखेळ स्वीकारला. 1893 मध्ये इंग्लंडच्या ब्रिटन कुटुंबाने शिशाचे पोकळ सैनिक काढले आणि ते मध्यमवर्गीय घरांत शिरले. 1913 मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने अशा सैनिकांच्या खेळाचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. अद्भुत प्राण्यांचा प्रवेश त्यामानाने अलीकडचा: 1974 मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, 1983 मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’. सैनिकांचे शिसे राक्षसांकडेही आले आणि 1990 च्या दशकात मुलांच्या आरोग्याच्या चिंतेने ते बहुतेकांनी सोडले.

आमचा बैल पाहून मुलगा हळहळला. “काका, किती जाड थर बसलेत! कोरीवकाम सगळं बुजलं. मला द्या, आठवड्यात लाकडापर्यंत साफ करून देतो.”

त्याच्या दृष्टीने तो योग्यच बोलला. बोटाच्या पेराएवढ्या सोंगटीवर पाच थर चढविले तर नाक आणि हनुवटी एक होतील. तेथे जुना रंग उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय सोंगटीवरचा जुना रंग कोणा अनोळखी माणसाचा असतो, त्याचे ओझे कोणी का वाहावे? बैलाची गोष्ट निराळी. त्याचे कान थरांगणिक जाड झाले, नाकपुड्या बुजल्या, डोळ्यांच्या खोबणी उथळ झाल्या. पण तो मोडला नाही, आणि प्रत्येक थर ज्याने दिला त्याचे घर अजून उभे आहे. त्या तपकिरी थराचे आजीबाईंनी आम्हांस एकदा सांगितले होते. ज्या वर्षी त्यांच्या यजमानांनी काटोलकडची जमीन विकली आणि शेवटची जोडी बाजारात नेली, त्या वर्षी लाकडी बैल पांढरा न रंगविता मुद्दाम तपकिरी रंगविला, कारण त्या जोडीतला डाव्या बाजूचा बैल तपकिरी होता. हे आम्ही विसरलो होतो. खुराचा टवका उडाला तेव्हा आठवले.

अलीकडे मात्र रंग उतरविण्याची हौस वाढते आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणि श्रीमंत दिवाणखान्यांतून असे बैल आम्ही पाहिले आहेत: काचकागदाने घासून लाकूड मोकळे केलेले, वर मेणाची तुकतुकीत झिलई, शेजारी फुलदाणी. ते सुंदर दिसतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सागवानाला वय असले तरी स्मरण नसते. कोणत्या घरात तो ओढला गेला, कोणत्या वर्षी तपकिरी झाला, हे त्या रंगाच्या भुकटीबरोबर केराच्या टोपलीत गेले. आणि ती भुकटी, वर सांगितल्याप्रमाणे, शिशाची. कोरडे घासणाऱ्याच्या छातीत ती जाते. जुना थर शाबूत असेल तर त्यावर नवा निर्दोष रंग चढविणे हेच आरोग्याच्या दृष्टीनेही बरे, हे त्या मुलाला मात्र पटले. तो रसायने जाणतो.

आमच्या घरी या बैलाला वर्षातून दुसरेही काम असते. नाताळच्या गव्हाणीतील प्लास्टरचा बैल एका वर्षी पडून फुटला. तेव्हा मुलांनी माळ्यावरून हा काढून बाळ येशूच्या मागे उभा केला, आणि तेव्हापासून ती जागा त्याचीच. मेंढपाळ त्याच्या गुडघ्याला लागतात, मरिया त्याच्या खांद्याला. प्रमाण सपशेल चुकले आहे. शुभवर्तमानांत जन्माच्या वेळी बैल असल्याचा उल्लेख नाही. तो आला यशया संदेष्ट्याच्या, बैल आपल्या धन्याला ओळखतो या वचनावरून. संत फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणी मांडली तेव्हा बैल आणि गाढव खरेखुरे, जिवंत उभे केले होते. डिसेंबरात आमच्याकडे येणाऱ्या महालातील मित्रांना गव्हाणीतील बाकीची मंडळी समजावून सांगावी लागतात. बैल तेवढा ते लगेच ओळखतात, आणि हमखास विचारतात की यंदा रंग कोणाकडून दिला.

यंदा आम्ही तो पोळ्याच्या पंधरा दिवस आधी चितार ओळीत नेला. मुलगा बरोबर होता. आपले बारीक कुंचले त्याने खिशातून काढून चिताऱ्याला दाखविले. चिताऱ्याने त्यातला एक अंगठ्यावर वाकवून पाहिला आणि काही न बोलता परत दिला. बैलाचा रंग कोणता, असे त्याने आम्हांस विचारले. आम्ही घरून पांढरा ठरवून निघालो होतो. तोंडून तपकिरी निघाले. खुरावरचा टवका लांबीने भरू नका, तसाच रंगवा, अशी विनंती केली. तो म्हणाला, “खळगा दिसेल, साहेब.” दिसू द्या, म्हटले. त्याने फळीच्या खाली खडूने आमचे नाव लिहिले, बैल गणपतींच्या रांगेमागे ठेवला आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी यावयास सांगितले.