कॅसेटची दुसरी बाजू

आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, रॉक मशीनची कॅसेट पहिल्यांदा ऐकली ती कापसाच्या गंजीला पाठ टेकून. १९८९ची दिवाळी होऊन गेली होती, वेचणी सुरू होती, आणि नांदगाव पेठच्या आमच्या घरात पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरली होती. मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून काका बडनेऱ्याला उतरले. तिथून अमरावती, तिथून एसटीनं नांदगाव. पिशवीत आजीसाठी लुगडं होतं, मला पेन होता आणि एका रुमालात गुंडाळलेली कॅसेट होती. वीज नव्हतीच. काकांनी टेपमध्ये सेल घातले, कॅसेट लावली आणि आबाजींच्या तोंडाकडे पाहत बसले.

ही गोष्ट मला दोघांनीही सांगितली आहे, वेगवेगळी. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला आठवतो तो फक्त कापसाचा वास आणि त्यातून येणारा गिटारचा आवाज.

काका गिरगावातल्या एका खोलीत चौघांबरोबर राहायचे आणि फोर्टात हिशेबनीस होते. संध्याकाळी चालत धोबीतलावापर्यंत जायचं आणि रंगभवनात काही असलं की तिकिटापुरते पैसे खिशात आहेत का ते पाहायचं. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह. जॅझ यात्रा तिथं होई, पुढं रॉकचे जलसेही. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि ते आवाज तिथून हद्दपार झाले. पण काकांच्या बोलण्यात रंगभवन आजही चालूच आहे. तिथं त्यांनी रॉक मशीन ऐकलं. १९८४मध्ये मुंबईतल्या पोरांनी उभा केलेला हा बँड. महेश टिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बासवर, पुढे गायला उदय बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले.

त्या काळात आपल्याकडच्या बँडनं विलायती गाणी हुबेहूब वाजवावी, एवढीच ऐकणाऱ्यांची अपेक्षा असे. ‘हे तुमचं स्वतःचं आहे’ म्हटलं की गर्दी चहाला उठे. या पोरांनी स्वतःची गाणी लिहिली, आणि १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पूर्ण अल्बम काढला. रुमालातली कॅसेट तीच.

मुंबईत हे अगदीच पहिल्यांदा घडत होतं असं नाही. काका नंदू भेंडेंचं नाव फार प्रेमानं घेतात. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईच्या रॉक बँडमधून गायला, ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास झाला आणि १९७८मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून थेट मराठी रंगभूमीवर आला. जब्बार पटेलांच्या त्या नाटकात हा पाश्चात्त्य ढंगाचा आवाज मराठी शब्द घेऊन उभा होता, आणि प्रेक्षकांनी तो आपला मानला. काका म्हणतात, वाट त्यानं केली होती, पण त्या वाटेनं चालणारे फार थोडे निघाले.

आता आबाजींकडे येतो.

आबाजी गुरुदेव सेवा मंडळाचे. आमच्या गावापासून नागपूर रस्त्यानं पुढे गेलं की मोझरी लागते, तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. महाराजांचा जन्म १९०९चा, यावलीचा, म्हणजे आमच्याच मुलखातला. १९३५मध्ये त्यांनी गुरुकुंज उभं केलं, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले, १९५५मध्ये जपानच्या परिषदेला खंजिरी घेऊन गेले. आबाजींनी त्यांना तरुणपणी ऐकलं होतं, अंगणात, कंदिलाच्या उजेडात, हजार माणसांत बसून. हाताच्या पंज्याएवढं लाकडाचं कडं, एका अंगाला चामडं, कड्यात बसवलेल्या झांजा. तेवढ्यावर महाराज सगळी सभा उचलून धरत. दमट हवेत चामडं ढिलं पडलं की आबाजी आपली खंजिरी शेकोटीजवळ धरत, टिचकी मारून कानाशी नेत, पुन्हा धरत. अर्धं भजन तर या तयारीतच होऊन जाई, असं आजी म्हणायची.

अशा माणसानं ती कॅसेट ऐकली. पहिली बाजू संपली, त्यांनी काकांना उलटवायला सांगितली. दुसरीही पूर्ण ऐकली. मग म्हणाले, “पोट्टे लय चांगले वाजवतेत. दम आहे. पण थांबत नाईत रे. जो थांबत नाही, त्याचा पुढचा ठोका कानाले लागत नाही.”

काका दुखावले. मुंबईहून इतक्या हौसेनं आणलेली गोष्ट, आणि वडिलांनी त्यात काय नाही तेवढंच सांगितलं. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मी मोठा झालो तसा त्याचा अर्थ मलाही कळत गेला. आबाजींची तक्रार आवाजाबद्दल नव्हती. खंजिरीवर सगळा जोर दोन थापांच्या मधल्या जागेत असतो. महाराज चरण म्हणताना अचानक हात वर धरत, झांजांची थरथर विरेपर्यंत सभा श्वास धरून बसे, आणि मग समेवर थाप पडे. आबाजी त्या जागेला ‘मधलं चूप’ म्हणत.

प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाखाली जे संगीत इंग्लंडमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस वर आलं, त्याची मुख्य धडपड मला तरी याच जागेसाठी वाटते. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९चा, येसचा ‘क्लोज टू द एज’ १९७२चा. त्यातलं एकच गाणं तबकडीची अख्खी बाजू व्यापतं, अठरा मिनिटांच्या वर. तीन मिनिटांत रेडिओसाठी संपणारं गाणं त्यांना अपुरं पडत होतं. ताल बदलायचा, कीबोर्डला एकटं सोडायचं, सगळं शांत करून पुन्हा उभारायचं, हे करायला लांबी हवी होती, आणि ती लांबी सोसणारे कान हवे होते. असे कान वऱ्हाडात होते. रात्रभर भजनाला बसणाऱ्या माणसाला अठरा मिनिटांचं काय?

रॉक मशीन सुरुवातीला त्या वाटेचं नव्हतंच. जोशाचं, सरळ हार्ड रॉक होतं. मग डिश अँटेनाच्या छत्र्या आल्या. आमच्याकडे केबल आली ती १९९२-९३च्या सुमारास, आणि एमटीव्हीवर आपली माणसं दिसली. १९९३मध्ये त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बँडनं नाव बदललं : इंडस क्रीड. सिंधूचं नाव घेतलं, कारण मातीशी नातं सांगणारं काहीतरी हवं होतं. १९९५मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. लोकांना आजही आठवतो तो व्हिडिओच. अल्बम कुणी काढून ऐकत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण बँड कुठे निघाला होता ते त्या अल्बममध्ये कळतं. हिंदी पॉपची लाट तोवर आली होती, इंग्रजीत गाणाऱ्यांना कंपन्यांच्या दारात जागा उरली नव्हती. १९९७मध्ये बँड फुटला.

आबाजी १९९९मध्ये गेले. खंजिरी काकांकडे आली.

बँड तेरा वर्षं गप्प होता. २०१०मध्ये पुन्हा जुळला. बेनेगल, टिनईकर आणि बालापोरिया जुने, बासवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी नवे. २०१२मध्ये अल्बम आला, ‘इव्हॉल्व्ह’. आठच गाणी. तोवर ऐकण्याची रीत बदलली होती. लोक एकेक गाणं फोनवर ओढून घेत, आणि हा अल्बम तर सलग ऐकायचा. जुने चाहते ‘टॉप ऑफ द रॉक’ मागत होते, नव्यांना हे काकालोकांचं वाटत होतं. चांगलं परीक्षण आलं, टाळ्याही पडल्या, पण जितकं ऐकलं जायला हवं होतं तितकं ते ऐकलं गेलं नाही.

मी तो अल्बम विकत घेतला आणि काकांना नेऊन दिला. ते निवृत्त होऊन नांदगावात परतले होते. कापसाची खोली आता मोकळी असते, जुनी सायकल आणि फवारणीचा पंप तेवढा तिथं पडलेला. त्याच खोलीत बसून आम्ही ऐकलं. पहिलं गाणं ‘फायरफ्लाइज’, म्हणजे काजवे. काका डोळे मिटून होते. घाई कुठेच नव्हती. ड्रम मागे राहून वाट पाहत होता, गिटार एक सूर लावून तो विझू देत होती, आणि आवाज आता पन्नाशीकडच्या माणसाचा होता, काय सोडायचं ते कळलेल्याचा. एका ठिकाणी सगळं थांबलं. काकांचा हात मांडीवर वर उचललेला तसाच राहिला. मग सगळे एकदम आले, आणि हात खाली पडला.

“थांबले, पाय,” काका म्हणाले. “आबाले आयकवाले पाह्यजे होतं.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोझरीला तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव होता. तिथं चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं मौन धरतात. गावोगावी, जिथं असेल तिथं माणूस उभा राहतो. आम्ही दोघं गाडीनं निघालो होतो, पण निघायलाच उशीर झाला. नांदगावचा टोलनाका मागे पडला. डाव्या हाताला संत्र्याची झाडं होती, गाडीत ‘इव्हॉल्व्ह’ चालू होता. काकांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी गाडी कडेला घेतली, गाणं मधेच बंद केलं. पुढे एक ट्रक उभा राहिला होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून उभा होता. बांधावर वेचणीच्या बाया ओटीतला कापूस तसाच धरून उभ्या होत्या. वाऱ्याचाच काय तो आवाज.

मग ट्रक सुरू झाला. काकांनी मागच्या सीटवरची खंजिरी मांडीवर घेतली आणि म्हणाले, “लाव. जिथं थांबलं होतं, तिथूनच लाव.”