पृष्ठभागावर पाणी तुटते का?

पाण्याचे विद्युत अपघटन आपण वर्गात करून दाखवतो. १९७२ साली आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी संशोधकांनी या कामी प्रकाशाची मदत घेता येते, हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. टिटॅनियम डायॉक्साइडच्या अग्रावर अतिनील किरण पाडले असता तेथे ऑक्सिजन आणि प्लॅटिनमच्या अग्रावर हायड्रोजन तयार झाला. टिटॅनियम डायॉक्साइड म्हणजे आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगातला पदार्थ!

मग एक साधा प्रश्न पुढे आला. या पदार्थाला चिकटलेला पाण्याचा रेणू अखंड राहतो, की त्याचे हायड्रोजन व हायड्रॉक्सिल असे तुकडे होतात? वायू मुक्त होणे ही फार पुढची गोष्ट. हा प्रश्न केवळ पहिल्या पायरीचा होता. त्याच्या उत्तरासाठी संशोधक संगणकाकडे वळले.

असंख्य इलेक्ट्रॉनांची समीकरणे जशीच्या तशी सोडवणे अशक्यच. १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची रीत दाखवली. त्यासाठी कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या रीतीतील एक पद अंदाजाने धरावे लागते, हे आपण लक्षात ठेवू.

१९९६ साली ब्रिटनमधील लिंडन, हॅरिसन, गिलन आदींनी या रीतीने रेणूंची हालचाल संगणकावर पाहिली. पाणी आपोआप तुटले! त्याच वर्षी अमेरिकेत मायकेल हेंडरसन यांनी खऱ्या स्फटिकावर मोजमापे केली. तेथे बहुतेक रेणू अखंड होते, थोडेच तुटलेले. मग चूक कोणाची?

उत्तर हळूहळू उलगडले. २००१ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथील गटाने स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची चित्रे आणि संगणकाची गणिते शेजारी ठेवली. पृष्ठभागावर जेथे ऑक्सिजनचा अणू गळालेला असतो, त्या खड्ड्यात पाणी तुटते, असे त्यांना आढळले. संगणकातला पृष्ठभागही खऱ्यासारखा नव्हता. तो अणूंच्या मोजक्याच थरांचा होता. २००४ साली हॅरिस व क्वाँग यांनी जाड थर घेऊन गणित केले, तेव्हा निर्दोष पृष्ठभागावर पाणी अखंड राहणेच पसंत करते असे निघाले.

पसंती तरी केवढी? २०१७ च्या प्रयोगात दोन्ही अवस्थांतील फरक सुमारे ०.०३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरला. खोलीच्या तापमानाची उष्णताऊर्जाच सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एवढ्या बारीक फरकापुढे अंदाजाने धरलेले पद किंवा एखाददुसरा थर उत्तर फिरवू शकतो, यात नवल नाही.

संगणकाने आकडेमोड चुकवली नव्हती. आम्ही संशोधकांनी त्याला दिलेला पृष्ठभाग प्रयोगशाळेतल्या पृष्ठभागासारखा नव्हता, एवढेच. म्हणून 'संगणकाने सिद्ध केले' असे कोणी म्हटले, की पृष्ठभाग कसा धरला होता, थर किती घेतले होते आणि चुकीची मर्यादा किती, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.