गायतोंडेंच्या चित्रात बुद्ध कुठे आहे?

२०२१ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र लिलावात सुमारे ४० कोटींना विकलं गेलं. त्यांची चित्रं पाहून 'यात आहे तरी काय?' असा प्रश्न अनेकांना पडतो. ना बुद्धमूर्ती, ना बोधिवृक्ष. तरीही त्यांच्या कलेचं नातं बौद्ध विचाराशी जोडलं जातं. का?

१९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले गायतोंडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे ते झेन विचाराकडे ओढले गेले. 'झेन' हा शब्द मुळात आपला 'ध्यान'. चीनमध्ये त्याचा 'चान' झाला, जपानमध्ये 'झेन'. ज्ञान पोथीतून नाही, थेट अनुभवातून मिळतं, यावर झेनचा भर आहे.

गायतोंडेंची कामाची पद्धतही तशीच होती. आधी बराच काळ शांत बसायचं, मग रोलर आणि पॅलेट नाईफने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे. म्हणूनच वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण व्हायची.

म्हणजे बौद्ध विचार चित्राच्या विषयात नाही, चित्र घडण्याच्या रीतीत आहे. फीडमध्ये त्यांचं चित्र आलं, तर लगेच अर्थ शोधू नका. दोन मिनिटं नुसतं पाहा.