औषध कंपनीतल्या डॉक्टरचा गुरू कोण?

औषधाच्या कंपनीत डॉक्टर काय करतो, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'औषध शोधतो' असे उत्तर देतील. ते फार तर अर्धे बरोबर आहे. नवा रेणू शोधण्याचे काम मुख्यतः रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांचे. डॉक्टरचे खरे काम त्यानंतर सुरू होते. हा रेणू माणसाला पहिल्यांदा किती मात्रेत द्यायचा, कोणाला द्यायचाच नाही, चाचणी कोणत्या टप्प्यावर थांबवायची, औषध बाजारात गेल्यावर येणाऱ्या तक्रारींपैकी कोणती गंभीर मानायची, हे त्याने पाहायचे असते. रुग्ण त्याच्यासमोर बसलेला नसतो. पण त्याचा एक निर्णय चुकला तर हजारो रुग्णांना भोगावे लागते. या शास्त्राला फार्मास्युटिकल मेडिसिन म्हणतात. आपण त्याला औषधवैद्यक म्हणू. बालरोग किंवा शल्यक्रिया यांच्यासारखी ही वैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा आहे, हे ब्रिटनमध्ये मान्य व्हायला २००२ साल उजाडले.

हे काम शिकावे लागते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३७ साली तेथील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. रंग, चव, वास यांची तपासणी झाली. विषारीपणाची झाली नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. दोष औषधाचा नसून द्रावकाचा आहे, हे दाखवणारे प्राण्यांवरचे प्रयोग शिकागो विद्यापीठात प्रा. गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत झाले. त्यांत फ्रान्सिस ओल्डहॅम ही संशोधक विद्यार्थिनी राबत होती. (नाव वाचून हा मुलगाच असणार, अशा समजुतीने गाइलिंग यांनी तिला जागा दिली होती, हे जाता जाता.) पुढे त्यांनी औषधशास्त्रात पीएच.डी. केली, वैद्यकाची पदवीही घेतली आणि फ्रान्सिस केल्सी या विवाहानंतरच्या नावाने १९६० साली त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. सुरुवातीलाच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. कंपनी घाई करत होती. केल्सी मात्र पुन्हापुन्हा अधिक पुरावा मागत राहिल्या. या औषधाने काहींच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, असे एका ब्रिटिश नियतकालिकातले पत्र त्यांनी वाचले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: मग गर्भाचे काय?

हेच डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचे नाव ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. शिकागोतल्या प्रयोगांना तेव्हा ४९ वर्षे होत आली होती.

आता ब्रिटनकडे वळू. कंपन्यांत नोकरी करणाऱ्या वैद्यकीय सल्लागारांनी तेथे १९५७ साली आपली संघटना काढली. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीला आले. १९५८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पोहोचले. तेथे ते विकणारी कंपनी व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या एका मद्यउद्योगाची शाखा होती. विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा सरकारला दाखवण्याचे बंधन कायद्याने घातलेलेच नव्हते. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतले गेले, तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. त्यानंतर १९६३ मध्ये सर डेरिक डनलॉप यांच्या अध्यक्षतेखाली औषधसुरक्षा समिती नेमली गेली आणि १९६८ मध्ये औषधांचा कायदा झाला. कायदा आला म्हणजे पुरावा गोळा करणारे, लिहिणारे आणि वाचणारे लागणार. त्यांची परीक्षा कोण घेणार? एडिंबरो, ग्लासगो आणि लंडन येथील तिन्ही रॉयल कॉलेजांनी १९७६ साली औषधवैद्यकाची पदविका सुरू केली आणि १९८९ साली या विषयाची स्वतंत्र फॅकल्टी स्थापन केली.

लेखी परीक्षा घेणे त्या मानाने सोपे. खरी अडचण आली ती विशेषज्ञाच्या प्रशिक्षणात. शल्यविशारद होऊ पाहणारा डॉक्टर सार्वजनिक रुग्णालयात शिकतो, ठरावीक काळाने एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो, वेगवेगळ्या गुरूंच्या हाताखालून निघतो. औषधवैद्यकाचा प्रशिक्षणार्थी बहुधा एकाच कंपनीचा पगारी नोकर असतो. चार वर्षे तो नोकरी करता करता शिकतो: औषधांचे कायदे, मानवी औषधशास्त्र, संख्याशास्त्र, चाचण्यांची आखणी, बाजारातील औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणे, आरोग्यसेवेची बाजारपेठ. त्याचा मार्गदर्शक बहुतेक वेळा त्याच कंपनीत असतो. म्हणजे जो शिकवतो त्याचा पगार आणि जो शिकतो त्याचा पगार एकाच तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीला औषध लवकर बाजारात यायला हवे असते.

बी.एड.चे सराव पाठ आठवून पाहा. टाचण तुम्ही लिहिता, पाठ प्रत्यक्ष वर्गात घेता, मागच्या बाकावर निरीक्षक बसतो आणि वहीत शेरा लिहितो. ब्रिटनमधली व्यवस्था साधारण याच धर्तीची आहे. कंपनीला प्रशिक्षणस्थळ म्हणून आधी मान्यता घ्यावी लागते. मार्गदर्शकालाही मार्गदर्शनाचे प्रशिक्षण असावे लागते. प्रत्यक्ष काम करताना निरीक्षण होते, सहकाऱ्यांची मते घेतली जातात. वर्षातून एकदा एक समिती सगळ्या नोंदी तपासते आणि त्या समितीत कंपनीबाहेरचे लोक असतात. या सर्वांवर २०१० पासून जनरल मेडिकल कौन्सिलची देखरेख आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे १३ मार्च २००६ च्या घटनेवरून कळते. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील एका खाजगी चाचणीकेंद्रात टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड प्रथमच माणसांना देण्यात आले. आठ निरोगी तरुणांपैकी सहा जणांना औषध आणि दोघांना निरुपद्रवी द्रव. माकडांना दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम देऊनही काही झाले नव्हते, म्हणून माणसांना त्याचा पाचशेवा भाग, ०.१ मिलिग्रॅम, ठरवला गेला. वरवर पाहता ही फारच सावध मात्रा. पण ज्या ग्राहींना हे प्रतिपिंड चिकटते, त्यांपैकी सुमारे ९० टक्के ग्राही एवढ्या मात्रेनेही भरतात, असे नंतरच्या हिशेबात दिसले. शिवाय मधे फक्त दहा-दहा मिनिटे ठेवून एकापाठोपाठ एक टोचले गेले. पहिल्याचा त्रास ओळखू येईपर्यंत सगळ्यांना देऊन झाले होते. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. जीव वाचले, पण एकाची पायाची बोटे आणि हाताच्या बोटांची पेरे गेली. माकडांच्या संबंधित पेशींवर तो ग्राहीच नसतो, हे काही वर्षांनी स्पष्ट झाले.

सर गॉर्डन डफ यांच्या समितीने डिसेंबर २००६ मध्ये २२ शिफारशी केल्या. मात्रा कशी ठरवावी, दोन व्यक्तींमध्ये किती अंतर ठेवावे, हे त्यांत आहेच. पण अशा चाचण्या करणाऱ्या डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि पात्रता यांचाही मुद्दा आहे. गंमत म्हणजे भागाकार कोणाचा चुकला नव्हता. ५० ला ५०० ने भागणे शाळकरी मुलालाही येते. येथे भागाकार करणेच योग्य आहे का, असे विचारणारा माणूस हवा होता.

तपासणीच्या या व्यवस्थेत एक छिद्र मात्र राहते, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. प्रशिक्षण कसे चालले आहे, हे कौन्सिल दरवर्षी प्रशिक्षणार्थींनाच विचारते. उत्तर देणारा ओळखू येऊ नये म्हणून एखाद्या ठिकाणाहून तीनपेक्षा कमी उत्तरे आली, तर त्या ठिकाणचा निकाल प्रसिद्ध होत नाही. मोठ्या रुग्णालयात ही अडचण येत नाही. पण कंपनीत प्रशिक्षणार्थी एक किंवा दोनच असले तर? तक्रार कोणाची, हे सांगायला नाव लागत नाही. तेव्हा तेथे बाहेरच्या समितीने समोर बसून विचारण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

भारतात औषधवैद्यक ही पदव्युत्तर वैद्यकाची वेगळी मान्यताप्राप्त शाखा नाही. कंपन्यांत येणारे बरेच डॉक्टर औषधशास्त्रात एम.डी. केलेले असतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा डी.एम. अभ्यासक्रम आहे, तेथे विद्यार्थी रुग्णालयात शिकतो, कंपनीत नव्हे. पदवी घेऊन कंपनीत गेल्यावर त्याची टाचणवही कोणी पाहायची, हे ज्या त्या कंपनीने आपले ठरवायचे.