अर्धा राहिलेला पाठ

१९ एप्रिल १९०६. पॅरिसच्या भर पावसात घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून पिअर क्यूरी गेले. वय अवघे ४६. रेडियम शोधूनही त्याचे पेटंट न घेणारे हे प्राध्यापक! मागे पत्नी मेरी, आठ वर्षांची आयरीन आणि दीड वर्षाचीही न झालेली ईव्ह.

५ नोव्हेंबरला सोरबोन विद्यापीठात पतीच्या जागी मादाम क्यूरी उभ्या राहिल्या. तेथे शिकविणारी ही पहिलीच स्त्री. सभागृह गच्च भरले होते. सर्वांना श्रद्धांजलीची अपेक्षा. बाईंनी शोकाचा शब्दही काढला नाही. पतीचा पाठ जिथे थांबला होता, तिथूनच पुढे सुरू केला.

१९३५ मध्ये आयरीनलाही पतीसह नोबेल मिळाले. वडिलांचा पाठ लेकीनेही पुढे नेला.

मी साधा शाळामास्तर. आम्ही तसबिरीला हार घालतो; फळ्यावरचे अर्धे गणित मात्र तसेच राहते.